पुलावरचा पावलाक

चेस्टर ऊर्फ चेट पावलाकला त्याची बायको सोडून गेली ती कॉमिक्सपायी, असं ईरी गावात सगळे सांगतात. ते खोटं आहे. लॉरेनने कॉमिक्स पुष्कळ वर्षं सोसली. पलंगाखाली कॉमिक्स, कपड्यांच्या कपाटात कॉमिक्स, नाताळच्या झाडाचे दिवे ठेवायच्या खोक्यात कॉमिक्स आणि दिवे बाहेर उघड्यावर, हे सगळं तिनं चालवून घेतलं. तिला सोसवली नाहीत ती चेटची मतं. जेवायला बसलं की मत, गाडीत बसलं की मत, चर्चमधून बाहेर पडताना पाद्रीबाबांचा हात हातात धरून ठेवून मत. शेवटी ती फ्लोरिडात बहिणीकडे निघून गेली आणि तिथं दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका गृहस्थाशी तिनं लग्न केलं. त्या गृहस्थाला म्हणे कशाबद्दलच काही मत नाही. सुखात आहे बाई.

चेट गावातच राहिला. ईरी हे सरोवराकाठचं गाव. हिवाळ्यात सरोवरावरून असा बर्फ चालून येतो की सकाळी दार उघडावं तर पुढ्यात दुसरं पांढरं दार. अशा गावात चेटनं उभा जन्म काय केलं, तर प्लास्टिकच्या कारखान्यात आइस्क्रीमच्या डब्यांची झाकणं बनवली. निवृत्त झाला तेव्हा त्याला कारखान्यानं एक घड्याळ दिलं आणि कामगारांनी एक झाकण दिलं, सगळ्यांच्या सह्या केलेलं. घड्याळ बंद पडलं. झाकण आहे.

पण चेटचं खरं ठाणं म्हणजे पीच स्ट्रीटवरचं बर्निसचं कॉमिक्सचं दुकान. दुकान मुळात बर्निसच्या नवऱ्याचं, हर्बचं. हर्ब गेला आणि दुकान तिच्या गळ्यात पडलं. तिनं आयुष्यात एक कॉमिक वाचलेलं नाही. कांदे विकावेत तशी ती कॉमिक्स विकते. ताजी इकडे, जुनी तिकडे, आणि दाबून बघायचं नाही. काउंटरमागे नेहमीच्या गिऱ्हाइकांचे खण आहेत. ज्यानं जे लावलंय ते बुधवारी गाडी आली की त्याच्या खणात पडतं. बुधवार हा या लोकांचा रविवार. चर्चला न चुकता जाणारा माणूस एखाद्या रविवारी चुकेल, पण बुधवारी चुकायचा नाही. चेटच्या खणावर हर्बच्याच हातानं लिहिलेलं नाव अजून आहे, आणि तिथं बर्निसनं एक स्टूलही ठेवलंय. उभं राहून तो जास्त बोलतो, असं तिचं निरीक्षण.

स्टुलावर बसून चेट काय बोलायचा? तर मतं द्यायचा. चकचकीत चांदीच्या मुखपृष्ठावर मत: आत काही नसलं की बाहेर वर्ख लावतात. हल्लीच्या लेखकांवर मत: यांना सुपरहिरो लिहायची लाज वाटते, म्हणून त्याला दाढी वाढवायला लावतात. एखाद्यानं पेपरात छापून आलेलं दाखवलं, की सुपरहिरो काय, हेरकथा काय, काऊबॉयच्या गोष्टी काय, सगळ्या त्याच त्याच असतात, तर चेटचं उत्तर तयार असे. अरे, पिरोगीच्या सारण भरलेल्या करंज्यासुद्धा त्याच त्याच असतात. माझी आई दर शुक्रवारी त्याच करायची. प्रश्न एवढाच की आत बटाटा आहे का नुसती हवा. शेवट काय होणार ते ज्याला पहिल्या पानावरच ठाऊक आहे, त्याला शेवटच्या पानापर्यंत धरून बसवायचं, ही खरी कारागिरी. नवीन काहीतरी सांगून चकवणं काय, ते कुणीही करतो. माझा मेहुणासुद्धा करायचा, आणि तो मोटारी विकायचा.

पण या सगळ्या मतांचं मूळ मत एकच होतं, आणि त्यापायी दुकानात भांडणं लागत. मेलेला माणूस मेलेलाच राहिला पाहिजे.

आता ज्यांना या जगाची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं, की सुपरहिरोंच्या कॉमिक्समध्ये मरण म्हणजे सर्दी. आज झाली, चार दिवसांनी उतरली. अंकावर काळी चौकट टाकून हिरोला पुरायचं, लोकांना रडवायचं, आणि वर्ष उलटलं की तो म्हणे मेलाच नव्हता, मेला तो त्याचा जुळा. चेटला याची मनस्वी चीड. तो म्हणायचा, मरणाला दार ठेवलं की सगळी गोष्ट धर्मशाळा होते. ज्याला काही होणारच नाही त्याची काळजी कोण करेल?

विरुद्ध बाजूला डेल हचिन्स. गावातल्या बसवर ड्रायव्हर, अंगानं आडवा, स्वभावानं मऊ. त्याला परत आलेली माणसं आवडायची. दिवसभर मी बस चालवतो, तो म्हणे, काय काय चेहरे चढतात ते मला विचार. संध्याकाळी घरी बसून वाचतो त्यात तरी कुणी परत येऊ दे की. बसला जशी परतीची फेरी असते तशी माणसालाही असावी.

"तुझी परतीची फेरी रिकामी येते," चेट म्हणायचा. "मी बघितलंय."

"तू असतोस की तिच्यात," डेल म्हणायचा.

असं वर्षानुवर्षं चाललं. बर्निस दोघांच्या मधून हात घालून गल्ला बंद करायची.

आता या चेट पावलाकला एक मान मिळालेला होता, तो ईरीत दुसऱ्या कुणाला मिळालेला नाही. त्याचं असं झालं. तो तरुण असताना 'पोलादी बगळा' नावाचं एक कॉमिक निघायचं. पोलादाचे पंख लावून उडणारा हिरो. बंदराच्या शहरात राहायचा आणि चोर पकडायचा. फार गाजलेला नव्हे, पहिल्या पंगतीतला तर नव्हेच, पण चेटचा जीव त्याच्यावर. एका अंकात चित्रकाराची चूक झाली. एका चौकटीत बंदरातल्या नदीवरचा उघडणारा पूल वर उचललेला, आणि लगेच पुढच्या चौकटीत चोरांची मोटार त्याच पुलावरून सरळ पलीकडे. देशभरातल्या वाचकांनी आनंदानं पत्रं लिहिली की सापडलात. पण या मंडळींत तेव्हा एक रीत होती. चूक काय, कुणालाही सापडते. खरा चाहता तो, जो चूक शोधतो आणि मग ती चूक नव्हतीच हे सिद्ध करतो. चेटनं लिहिलं: पूल आपोआप खाली येत नाही. पुलाच्या खोपटात एक माणूस बसलेला असतो. त्यानं मोटार येताना पाहिली, आपला पूल मोडू नये म्हणून खाली घेतला. तुम्ही त्याला काढला नाहीत, कारण बगळ्याचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. सुपरहिरोंचं अशा माणसांकडे नसतंच.

तेव्हाचे लेखक म्हातारे होते, आता हयात नाहीत. त्यांना हे इतकं आवडलं की पुढच्या एका अंकात खोपटाचं दार उघडलं, आणि हातात कॉफीचा थर्मास घेऊन एक माणूस बाहेर आला. बगळ्यानं नाव विचारलं. तो म्हणाला, "पावलाक. चेट पावलाक. वर घेऊ का खाली?"

बस. दोन चौकटी. चेटच्या आईनं तो अंक पोलिश बेकरीत नेला, कसायाकडे नेला, पाद्रीबाबांना दाखवला. कारखान्यात फोरमननं पान भिंतीवर लावलं. लॉरेन तेव्हा नवीनच होती. ती म्हणाली, चला, निदान एका चेटला तरी बसून करायची नोकरी मिळाली. आणि गंमत म्हणजे तो माणूस टिकला. लेखक बदलले, चित्रकार बदलले, पण वर्षादोनवर्षांत बगळा केव्हातरी पंख मोडून त्या पुलापाशी यायचाच, आणि पावलाक त्याला थर्मासमधली कॉफी द्यायचा आणि विचारायचा, वर घेऊ का खाली?

चेटला मूलबाळ झालं नाही. त्याचा रे नावाचा भाऊ, तोही तसाच बिनमुलाचा गेला. बहिणींची आडनावं बदलली. ईरीत पावलाक हे नाव आता दोनच जागी होतं: कॅथलिक दफनभूमीतल्या एका रांगेत, आणि या चेटच्या दारावर. चेट हे कधी बोलला नाही. मतांचा माणूस असा असतो, जगाबद्दल बोलेल, स्वतःबद्दल विचारलंत तर हवापाण्यावर येईल. पण बर्निसला कळायचं. ती म्हणायची, हा मरणाला भीत नाही कारण याची बदली माणसाची सोय झालेली आहे. आणि ते खरं होतं. आपण गेलो तरी तो पुलावर आहे, असं चेटनं मनाशी कधीच ठरवून टाकलं होतं.

आणि मग कंपनीनं जाहीर केलं की 'पोलादी बगळा' नव्यानं, पहिल्या अंकापासून सुरू होणार. जुनं काही घडलंच नव्हतं असं समजायचं. वाचक नवे हवेत, आणि नव्या वाचकाला जुन्याचं ओझं नको.

बर्निसची काळजी व्यवहारी. "घडलंच नव्हतं म्हणजे काय? मागच्या खोलीत चार खोकी भरून जे आहे ते काय मग?"

डेल मात्र चेटकडे बघत होता. चेट म्हणाला, चांगलं आहे, झाडून काढायला हवंच होतं. आणि घरी गेला, मत न देता. तेव्हाच सगळ्यांना कळलं.

क्लीव्हलँडला कॉमिकवाल्यांची जत्रा भरते. नवा लेखक तिथं सह्या द्यायला येणार होता. डेलनं गाडी काढली. सुट्टीच्या दिवशीही त्याच्या हातून गाडी प्रत्येक बसथांब्यापाशी आपोआप हळू व्हायची. चेटनं चर्चचा कोट घातलेला. सभोवती पोरी हिरवा रंग फासून, बाप्ये टोप्या आणि अंगरखे घालून हिंडताहेत, आणि मधून हा कोटवाला जातोय. एकानं तर त्याला विचारलं की तुम्ही कोणत्या गोष्टीतले. चेट म्हणाला, मी ईरीचा.

रांग लांब. डेलनं वाटेत त्याला चांगलं पढवलं होतं. नाव सांग, पुलावरचा माणूस ठेवा म्हण, आभार मान, बाजूला हो. मत देऊ नकोस. चेट कबूल झाला होता. पण रांगेत पुढं एक जण होता, तो लेखकाला सांगत होता की तुम्ही मागच्या मालिकेत मारलेल्या बाईला परत आणा. चेटला ते ऐकवलं नाही.

लेखक तिशीतला, ट्रेव्हर लिंड नावाचा. सडपातळ, नम्र, डोळ्यांखाली जागरण. चेट पुढं झाला, आणि नाव सांगायच्या आत म्हणाला, "कुणालाही परत आणू नका."

"कुणाला?" लिंड म्हणाला.

"कुणालाच. मारायचं असेल तर मारा. पण मारलंत की हात काढून घ्या. मरणाला दार ठेवलं की गोष्ट धर्मशाळा होते."

डेलनं डोळे मिटले. पण लिंड पुढं वाकला. तो म्हणाला, हे मी गेलं वर्षभर ऑफिसात ओरडून सांगतोय, माझं कुणी ऐकत नाही. मग काय, दोघांचं जमलं. मागची रांग कुरकुरत होती आणि हे दोघं हेरकथा, काऊबॉय, पिरोगी असं करत बसले. शेवटी लिंडनं सही करायला नाव विचारलं. नाव ऐकलं आणि पेन खाली ठेवलं.

"पावलाक? पुलावरचा?"

"तोच," चेट म्हणाला. एवढ्या आयुष्यात हा शब्द त्यानं असा कधी उच्चारला नसेल.

लिंडनं त्याचा फोटो काढून घेतला, समोरून एक आणि बाजूनं एक. पुलावरचा माणूस नव्या मालिकेत असणारच, म्हणाला. आणि या वेळी तो दोन चौकटींचा नसेल. स्वतःचा फोन नंबर लिहून दिला, काही चूक सापडली तर कळवा म्हणून. परतीच्या वाटेवर डेलनं रेडिओ लावला तर चेटनं बंद केला. म्हणाला, "ऐकू दे जरा." कशाचं काय ऐकत होता कोण जाणे.

पहिल्या अंकात पूल आला नाही. दुसऱ्यात लांबून दिसला. तिसऱ्या अंकाच्या बुधवारी बर्निसनं गाडीतून गठ्ठे उतरवून सोडले, आणि तिनं, जिनं कधी कॉमिक उघडलं नव्हतं, तिनं मुखपृष्ठ पाहून आतलं पान उलटलं. मुखपृष्ठावर चेट होता. म्हणजे चेटच. हनुवटी, कानातले केस, चर्चचा कोटसुद्धा. पुलाच्या खोपटाबाहेर उभा, हातात थर्मास.

चेट आला तेव्हा तिनं अंक त्याच्या हातात दिला. तो स्टुलावर बसून वाचायला लागला. दुकानात चारपाच माणसं होती, सगळी दुसरं काहीतरी बघत असल्यासारखी.

अंक संपूर्ण त्याच्यावर होता. पावलाकचं घर, पावलाकचा एकट्यापुरता रस्सा, पावलाकची निघून गेलेली बायको, हे लिंडनं स्वतःच्या मनानं रचलेलं, पण कसं कोण जाणे नेमकं. मग खलनायक येतो, आणि बगळ्याला चुकवून पलीकडे पळण्यासाठी पूल खाली घे म्हणतो. पावलाक घेत नाही. खलनायक त्याला मारतो. फार मोठं काही करत नाही, एकदाच मारतो, जाता जाता. शेवटच्या पानावर पाऊस, छत्र्या, आणि झाकण लावलेली शवपेटी.

चेटनं अंक मिटला, परत उघडला, शेवटची चौकट पाहिली आणि मिटला.

डेलला राहवलं नाही. खरं तर त्यानं चिडवायला म्हणून नव्हे, काहीतरी बोलायला हवं म्हणून विचारलं. "मग? मेलेलाच राहायला पाहिजे?"

"मेलेलाच," चेट म्हणाला. "चांगली आहे गोष्ट. एवढ्या वर्षांत बगळ्याची एवढी चांगली गोष्ट झालेली नाही."

आणि दुष्टपणा असा की ते खरं होतं. गोष्ट टाकाऊ असती तर चेटनं तिला फाडून खाल्लं असतं आणि मोकळा झाला असता. वीस मतं दिली असती. इथं नावं ठेवायला जागाच नव्हती. सगळ्या देशात त्या अंकाचं कौतुक झालं. लोकांनी लिहिलं की एवढ्याशा माणसाच्या मरणानं असं कधी रडवलं नव्हतं. बर्निसकडचे गठ्ठे त्याच दिवशी संपले. तिनं पाच प्रती चेटसाठी काढून ठेवल्या होत्या. त्यानं पैसे दिले आणि प्रती तिथंच विसरून गेला.

लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासांचे दिवस होते. शुक्रवारी पोलिश चर्चच्या हॉलमध्ये तळलेल्या माशांचं जेवण असतं, तिथं सगळं गाव जमतं. बातमी पोचलीच होती. वाढणाऱ्या बायका म्हणाल्या, अरे चेट, तू गेलास ना, मग मासा कुणाला वाढू? कारखान्यातले जुने सोबती म्हणाले, तेराव्याला बोलावलं नाहीस. पोलिश लोकांत तेरावं नसतं, पण जे काय असतं, त्यावरूनच. पाद्रीबाबा येऊन हसत हसत म्हणाले, आमच्याकडे तर परत येण्याची सोय आहे, ईस्टरपर्यंत थांब. चेटही हसला. त्यानं कोबीचं सॅलड खाल्लं, मासा तसाच ठेवला. बाहेर पडताना त्यानं पाद्रीबाबांचा हात हातात घेतला, आणि लगेच सोडला. लॉरेन असती तर घाबरली असती.

त्यानंतर तो बुधवारी दुकानात आला, पण स्टुलावर बसला नाही. दारातूनच डोकावून गेला. पुढच्या बुधवारी एका नव्या गिऱ्हाइकानं काहीतरी मूर्खासारखं विधान केलं, आणि सगळ्यांनी मान वळवून चेटकडे पाहिलं. तो टोपी शोधत होता. टोपी डोक्यावरच होती.

मग एका दुपारी तो डेलच्या बसमध्ये चढला. बर्फ वितळून चिखल झालेला, बसमध्ये दोन बायका आणि एक झोपलेला माणूस. चेट मागं गेला नाही. ड्रायव्हरशी बोलू नये अशी पाटी असते, तिच्याशेजारी दांडा धरून उभा राहिला. कुठं उतरायचंय म्हणून डेलनं विचारलं. चेट म्हणाला, बघू. बस तशीच शेवटच्या थांब्यापर्यंत गेली, बायका उतरल्या, झोपलेला माणूस उठवून उतरवला, आणि परतीची फेरी सुरू झाली.

तेव्हा चेट म्हणाला, "डेल, तो मला परत हवाय."

डेल पुष्कळ वर्षं या दिवसाची वाट बघत होता. काय बोलायचं तेही त्यानं कधीचं ठरवून ठेवलं असणार. पण तो एक थांबा तसाच ओलांडून पुढं गेला. थांब्यावरच्या माणसानं छत्री हलवली.

"मी तीन वाटा काढल्यात," चेट म्हणाला. "पहिली, मार खाऊन तो नदीत पडला आणि पुरलं ते दुसऱ्याच कुणाला. दुसरी, डॉक्टरनं मुद्दाम मेला म्हणून सांगितलं, खलनायकापासून लपवायला. तिसरी जुळ्याची."

"जुळ्याची नको," डेल म्हणाला. "पहिली बरी आहे."

"पेटी बंद आहे. बघितलंस ना? शेवटच्या चौकटीत झाकण लावलेलं आहे. आत कोण आहे हे कुणी दाखवलेलं नाही."

"नाही दाखवलेलं."

"म्हणजे दार आहे," चेट म्हणाला. हे वाक्य म्हणताना त्याची मान खाली होती. सत्तरीतला माणूस, एखाद्या पोरानं खिशातलं दाखवावं तसा उभा.

डेलनं बस गॅरेजला लावली आणि दोघं तसेच बर्निसकडे गेले. फोन तिथूनच करायचा, कारण चेटला एका कानानं कमी ऐकू येतं आणि बर्निसच्या फोनचा आवाज मोठा करून काउंटरवर ठेवता येतो. मंगळवार होता, दुकानात कुणी नव्हतं. बर्निसनं विचारलं नाही काय प्रकार आहे. तिनं दारावरची 'उघडं आहे' ही पाटी उलटी केली, एवढंच.

लिंडनं फोन उचलला आणि नाव ऐकताच त्याचा आवाज चढला. तो म्हणाला, मी रोज वाट बघत होतो तुमच्या फोनची. आवडलं का ते विचारायला माझीच हिंमत झाली नाही.

"चांगलं लिहिलंयस, बाबा," चेट म्हणाला. "फार चांगलं." आणि थांबला. डेलनं त्याला कोपरानं ढोसलं. "ती पेटी," चेट म्हणाला. "पेटी बंद आहे."

"तुमच्या लक्षात येणार, मला ठाऊकच होतं," लिंड म्हणाला. आणि मग तो भरभरून सांगायला लागला. पेटी बंद ठेवायचा हट्ट संपादकाचा. पुढंमागं लागला तर परत आणता येईल म्हणून. सगळ्यांचं असंच असतं, सगळे दार ठेवतात. मी पुढच्या अंकात चित्रकाराला ती उघडी काढायला लावलीय, तो म्हणाला. पूर्ण चेहरा, अर्धं पान. भांडलो मी त्यासाठी. नोकरी सोडतो म्हणालो. "मी त्यांना तुमचंच वाक्य सांगितलं, पावलाक. धर्मशाळेचं. ते गप्प झाले."

बर्निसनं खाली बघून रबरबँडांचा डबा सारखा केला.

"छापायला गेलं का ते?" चेटनं विचारलं.

"परवाच गेलं."

"नाही, मी म्हणत होतो," चेट म्हणाला, आणि त्याचा आवाज इतका बारीक झाला की बर्निसनं फोन त्याच्या तोंडापाशी सरकवला. "त्याला परत आणता येईल का? माझ्याकडे एक वाट आहे. नदीची. तू म्हणशील तर सांगतो."

मग लिंड हसला. चांगलं हसला, मनापासून, एखादी परीक्षा ओळखली म्हणून हसतात तसा.

"मला तपासताय," तो म्हणाला. "नाही आणणार. मी लिहितोय तोवर नाही, आणि माझ्यानंतर कुणाला आणता येणार नाही असंच लिहून ठेवलंय. शब्द देतो तुम्हाला."

चेटनं तोंड उघडलं. डेल पुढं झाला, तो बोलणार होता, खरं सांगून टाकणार होता. चेटनं त्याच्या दंडावर हात ठेवला.

"बरं," चेट म्हणाला. "थँक्यू."

"तुमच्यामुळे झालं," लिंड म्हणाला.

फोन ठेवल्यावर डेल म्हणाला, परत लाव, मी सांगतो, तो चांगला पोरगा आहे, ऐकेल. चेट म्हणाला, त्यानं शब्द दिलाय. डेल म्हणाला, शब्द गेला खड्ड्यात. बर्निस डेलला म्हणाली, गप बस. आणि चेटला कॉफी दिली. तो कॉफी न पिता कप हातात धरून उभा राहिला, हात गरम होईपर्यंत.

महिना भरल्यावर पुढचा अंक आला. अर्ध्या पानावर उघडी पेटी आणि आत चेट. चित्रकारानं फोटो समोर ठेवून एकेक सुरकुती काढली होती. ज्याला म्हणून हा माणूस ठाऊक आहे तो म्हणाला असता, हाच. दुसऱ्या कुणाचा जुळा नव्हे, नदीतला कुणी नव्हे. चेटनं काउंटरवर ते पान नीट पाहिलं, आणि त्याला काही चूक सापडली नाही.

एवढं कौतुक होऊनही मालिका चालली नाही. कौतुक करणारे निराळे आणि विकत घेणारे निराळे, हे बर्निस पहिल्यापासून सांगत होती. उन्हाळ्याअखेर कंपनीनं 'पोलादी बगळा' बंद केला, या वेळी कायमचाच, आणि लिंड दुसरीकडे कुठं टीव्हीत लागला असं ऐकलं.

शेवटचा अंक घ्यायला चेट आला तेव्हा दुकानात गर्दी होती. शाळा सुटलेल्या पोरी, कामावरून आलेले बाप्ये, आणि मध्ये डेल उभा. डेल एका माणसाशी वाद घालत होता, की मेलेला माणूस मेलेलाच राहिला पाहिजे. बोलता बोलता त्यानं चेटला पाहिलं आणि वाक्य अर्धंच सोडलं. चेटनं हातानं खूण केली, चालू दे.

बर्निसनं खणातून अंक काढून त्याच्यापुढं ठेवला. मग खणाकडे पाहिलं. त्यात आता काही उरलं नव्हतं. चेटनं वर्षानुवर्षं लावलेलं ते एकच होतं.

"आता काय लावू तुला?" तिनं विचारलं. तिच्या हातात पेन होतं.

चेटनं भिंतीवरच्या नव्या अंकांकडे पाहिलं. खालपासून वरपर्यंत अंगरखे, मुखवटे, मुठी. ज्या भिंतीबद्दल त्याला एकेका इंचाचं मत होतं.

"काहीही," तो म्हणाला.

"काहीही म्हणजे?"

"तुला जे बरं वाटेल ते. मला काही फरक पडत नाही."

तिनं काही वाचलेलं नव्हतं, ती काय लावणार? शेवटी तिनं हाताला लागलं ते एक खणात टाकलं. चेटनं पैसे दिले, सुटे मोजून घेतले नाहीत, आणि पिशवीत काय आहे ते न बघता बाहेर पडला.